बैल पारखणाऱ्याने पाहिलेली सायकल

सायकलीतलं मला कुणी शिकवू नका, माझा गुरू बैलांचा दलाल आहे!

घोडेगावला बैलबाजारामागच्या खडकाळ उतारावर मी जाड टायरची, बिनशॉकअपची नवी सायकल घेऊन दोनदा आपटलो. बघत बसलेले दलाल दगडूतात्या म्हणाले, "चालवून दाखव." बैल घेतानाही ते हेच म्हणतात.

चालवून दाखवली. तात्यांनी अंगठ्याने टायर दाबला. "लई कडक हाय, म्हनून दगडावर उडतीय. थोडी हवा सोड. आन् पुढचं चाक लांब टाकलंय हिचं. उताराला घट्ट ऱ्हाईल, पर वळायला जागा दे."

हवा सोडली, वळण मोठं घेतलं. सायकल दगडांना चिकटून सरळ खाली उतरली!

"तात्या, तुम्ही कधी सायकल चालवलीय?"

"न्हाई बा. जनावर पहिल्यापासनं गुनीच हुतं. मालक आत्ता मानसाळला."