क्रीट बेटावरून आलेल्या मेलबाबत

पोलीस ठाणे, स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया. दि. १५ मार्च २००५, सकाळी ११ वा.

नाव: देवांग श्रीरंग साठे. वय: २५ वर्षे. व्यवसाय: शिक्षण (पीएच.डी.). मूळ राहणार पुणे, हल्ली स्टेट कॉलेज.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, परीक्षित शशिकांत देशकर, वय २६, राहणार नागपूर, हा अडीच वर्षांपासून माझा रूममेट आहे. माझं म्हणणं मराठीत लिहून घ्यावं अशी विनंती मीच केली. ते त्याच्या आईवडिलांना वाचता आलं पाहिजे. दुभाषी श्रीमती शरयू काळे यांनी ते लिहून घेतलं.

डिसेंबरमध्ये परीक्षितची असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातलं फी आणि पगार देणारं काम, बंद झाली. घरी सांगायचा त्याला धीर झाला नाही. जानेवारीत आईनं फोनवर अभ्यासाचं विचारलं, तेव्हा पेपर निवडला गेलाय, मार्चमध्ये क्रीट बेटावर कॉन्फरन्स आहे, असं तो बोलून बसला. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, शेजारीपाजारी पेढे वाटले. मग माघार घेता येईना.

शनिवार ५ मार्चला विद्यापीठाला आठवडाभराची सुट्टी लागली. पिट्सबर्गला राजीव नावाच्या मित्राकडे जातो, असं सांगून तो सकाळी साडेनऊला निघाला. मोबाइल त्यानं घरीच ठेवला. जाताना म्हणाला, "यार, तू मस्त लिहितोस. माझ्या अकाउंटवरून आईला रोज एक मेल टाक. मला आठवडाभर कुणाशी बोलायचं नाहीये." पासवर्ड त्यानं कागदावर लिहून दिला. मी हसलो.

मी लायब्ररीतून क्रीटचं गाइडबुक आणलं. रविवारी नोसोसचा राजवाडा लिहिला, लाल खांब आणि भिंतीवरच्या डॉल्फिनसकट. सोमवारी हानियाचं जुनं बंदर आणि दीपगृह. मंगळवारी क्रीटमधल्याच वाई नावाच्या जागेचा समुद्रकिनारा, तिथली खजुरीची झाडं. बुधवारी समारियाची घळ सोळा किलोमीटर पायी उतरलो, पाय बोलतायत, असं लिहिलं. लिहिताना मला मजा येत होती, हे कबूल करतो. काकू ते मेल सायबर कॅफेतून छापून आणून शेजारच्या बायकांना वाचून दाखवत होत्या, असं त्यांच्या उत्तरांतून कळायचं.

गुरुवार १० मार्चला सकाळी आठ वाजता काकांचा, म्हणजे परीक्षितच्या वडिलांचा, फोन आला. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत. म्हणाले, "देवांग, ती घळ मे महिन्यापर्यंत बंद असते. मी सायबर कॅफेत जाऊन बघितलं. तो खरंच तिथे आहे ना रे?"

मी म्हणालो, "हो काका, कॉन्फरन्सवाल्यांना स्पेशल परमिशन मिळाली. तो मजेत आहे."

"बरं बाबा," म्हणून त्यांनी फोन ठेवला. राजीवला एक फोन करावा, हे मला सुचलं नाही. मोठ्यांसमोर मित्राला सांभाळून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

रविवारी परीक्षित परत आला नाही. काल सोमवारी सकाळी मी राजीवला फोन केला. तो म्हणाला, "तो इकडे येणार होता? मला काहीच माहीत नाही यार." मी तसाच ठाण्यात आलो. काकांनी विचारलं त्याच दिवशी मी खरं बोललो असतो, तर शोध चार दिवस आधी सुरू झाला असता. हे चार दिवस माझ्यामुळे गेले. मला त्याची शरम वाटते आणि भीतीही वाटते.

काल ठाण्यातूनच मी नागपूरला फोन करून सगळं सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "त्या मेलमधलं एखादं तरी वाक्य त्यानं सांगितलं होतं का रे?"

मी नाही म्हणालो.

हा जबाब श्रीमती काळे यांनी मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. यातलं वाक्य न वाक्य माझंच आहे.

(सही) देवांग श्री. साठे