सख्खा दत्तकपुत्र

(सेगोव्हियाच्या डोंगरातलं ओल्मिल्यो गाव. ग्रामपंचायतीच्या बाल्कनीमागची खोली. खाली चौकात जत्रेचा बँड.)

सरपंच फुएन्सिस्ला : झालं मावशी, ठराव मंजूर! तुमचा एलादियो गावाचा दत्तकपुत्र. आता असं समजा, मी हे बोललेच नाही. बाल्कनीतून जाहीर करेन तेव्हा तोंडावर हात ठेवून दचकायचं.

ओब्दूलिया : दचकले. आत्ताच. दत्तक कुणाचा?

फुएन्सिस्ला : गावाचा. मानाची पदवी आहे ती.

ओब्दूलिया : माझ्या पोटचं पोर, आणि तू माइकवरून दत्तक म्हणणार? पहिल्या रांगेत बघ कोण बसल्यात. ह्याचे घारे डोळे कुणावर गेलेत, हे त्या बाया हा पाळण्यात असल्यापासून शोधतायत. आज तू त्यांना उत्तर देणार!

फुएन्सिस्ला : नियम आहे. हद्दीत जन्मला तो लाडका पुत्र, बाहेरचा तो दत्तक. हा शेजारच्या गावात, तोरेसेकात जन्मला.

ओब्दूलिया : बसमध्ये जन्मला!

फुएन्सिस्ला : बस तोरेसेकात उभी होती.

ओब्दूलिया : ड्रायव्हर चक्कर येऊन पडला, म्हणून उभी होती. आणि बाळंतपणाला दवाखान्यात बसनं का गेले? गावात गाडी एकच, तुझ्या बापाची. तो म्हणाला, सीटची कव्हरं नवीन आहेत.

फुएन्सिस्ला : बाबांना मध्ये आणू नका. गेले ते.

ओब्दूलिया : कव्हरं घेऊन गेला का?

एलादियो : आई, मला चालेल दत्तक. शर्यतीत डोंगराचा राजा झालो तेव्हाही कुणी जन्मदाखला मागितला नव्हता.

ओब्दूलिया : तू गप्प बस. सायकलवर डोंगर चढलास आणि मेंदू घाटातच विसरून आलास.

फुएन्सिस्ला : आणि तोरेसेकानं ह्याला लाडका पुत्र केलंय की. पुतळासुद्धा उभारलाय.

ओब्दूलिया : उतारावरून येतानाचा! हा उतारावर कायम पडायचा.

एलादियो : पुतळाही पडतो. जरा वारा सुटला की.

ओब्दूलिया : ती टीव्हीवरची नटी रांगायच्या आत माद्रिदला गेली, मुलाखतीत गावाचं नाव चुकीचं सांगते. ती लाडकी कन्या! तो हॅमवाला कोट्यधीश, कारखाना काढला तोरेसेकात. तो लाडका पुत्र! आणि हा प्रत्येक शर्यतीत छातीवर आपल्या देवीचं पदक घालून धापा टाकत आला, तर हा दत्तक?

फुएन्सिस्ला : अजून एक शब्द बोललात तर दत्तकही काढून घेईन. पाहुणा म्हणून जाहीर करेन.

एलादियो : पाहुण्याला जेवण असतं का?

ओब्दूलिया : एलादियो!

फुएन्सिस्ला : बँड थांबला. मी बाहेर चालले. हरकत असेल तर रीतसर अर्ज करा.

ओब्दूलिया : रीतसर? मग उभी राहा आणि ऐक. मी, ओब्दूलिया, कैलासवासी प्रुदेन्सियोची लग्नाची बायको आणि त्याच्याच मुलाची आई, पंचायतीला नम्र विनंती करते, की गावाची हद्द माझ्या बाळंतपणाच्या दुपारपुरती, पूर्वलक्षी प्रभावानं, तोरेसेकाच्या बसथांब्यापर्यंत सरकवण्यात यावी. आणि मूल रडल्यावर ती होती तिथे परत नेऊन ठेवण्यात यावी.