पेनड्राइव्हमधलं घर

हसू नका बायांनो, पण आमच्या कम्प्युटरले तांदळाच्या एका दाण्यानं अडवलं होतं.

माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नाची शूटिंग जावयानं पेनड्राइव्हमधी भरून पाठवली. लग्न झालं होतं आमच्या जुन्या गावी, अन् ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. घर पाहाचं तं आता तेवढ्यातच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोराच्या मांगं लागली. त्यानं पेनड्राइव्ह लावला, तं काहीच नाही. दुसऱ्या छेदात लावला, तिसऱ्यात लावला. माऊसही हालेना.

"सारे यूएसबी मेले, आई. कालपर्यंत चांगले होते."

"काल काय केलं गा त्याले?"

"मी पूजा केली," सून म्हणाली. "हळद-कुंकू, ओल्या अक्षता. नांगराची केली, तशीच याची."

पोरानं बॅटरी मारून पाह्यलं. पुढच्या छेदात कुंकवाचा तांदूळ फसून होता. त्यानं वायर काढली, काडीनं दाणा उकरला, छेद सुकू दिला. "एकात शॉर्ट झाला का सारेच बंद होतात," म्हणे. मंग चालू केला, तं पेनड्राइव्ह लागला!

पडद्यावर लेक रडत घराबाहेर निघाली. शूटिंगवाला तिच्या मांगं मांगं गाडीकडं चालला.

"थांबव," मी म्हटलं. "उलटं ने."

"काहून? लेक नाही पाहाची का?"

"लेक येते दिवाळीले. तू उलटं ने बाबू, घराचं दार उघडंच हाये अजून."