खालच्या माणसाची हाक

—दिली होती म्हटलं ना. हाक दिली होती त्याने, मी ऐकली होती, संपलं. एकदा सांगून पुरत नाही का? पंचेचाळीस वर्षांनी बाप पोरीला धाडतो, तेही दवाखान्यातून, तेही एवढंच विचारायला! म्हणे, मोठ्या काकांना विचारून ये, त्या दिवशी मी हाक दिली होती का. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं मी. परत नको सांगूस. बस. उभ्याने बोलू नकोस, वर बघून माझी मान दुखते.

तू त्याला काठी घेऊनच बघितलंस. मी बघितलाय तो वेगळा. नुसतं वारं होतं ते. आम्हा दोघांत एक सायकल — मी पायडल मारायचो आणि हा दांडीवर बसून मलाच शिकवायचा, दादा उजवीकडे घे, दादा खड्डा आहे. मी तिसरीत शाळा सोडली, हा चौथीत. त्या एका इयत्तेचा माज जन्मभर! दुकानावरची पाटी आधी मला वाचायला लावायचा आणि मी अडलो की हसायचा. मारायचो मी त्याला. मग आई मला मारायची. हसतेस काय? खरं आहे. गेल्या जन्मीचे दिवस वाटतात.

मिसरूड फुटायच्या आत दोघं आमच्या बापाच्या हाताखाली लाकूड कापायला लागलो. यंत्र नव्हतं तेव्हा. उंच लाकडी घोड्यांवर ओंडका चढवायचा, माणसापेक्षा लांब करवत — एक जण वर, ओंडक्यावर उभा, एक जण खाली, ओंडक्याच्या पोटाखाली. वरच्याने रेघ बघायची, खालच्याने ओढायचं. मी वर, हा बारक्या खाली. सगळा भुसा त्याच्या डोक्यावर. मी जरा रुबाब केला की खालून ओरडायचा, ‘दादा, तू मोठा म्हणून वर नाहीस, मी खाली आहे म्हणून वर आहेस!’ आजूबाजूचे लाकूडकापे पोट धरून हसायचे. मलाही हसू यायचं, पण दाखवायचो नाही. खालच्यापुढे हसलं की करवत वाकडी जाते, असं बाप म्हणायचा.

आणि एक नियम होता, देवाच्या नावासारखा. कापत कापत घोडीपाशी आलं की ओंडका पुढे सरकवावा लागायचा. त्यासाठी मी शेजारच्या फळीवर उतरायचं आणि घणाने ओंडक्याखालचा टेकणाचा ठोकळा उडवायचा. पण कधी? खालचा पोटाखालून निघून, बाजूला येऊन, ‘बाहेर!’ म्हणाला की मग. आधी नाही. वरून खालचा दिसत नाही ना — त्याचा शब्द हेच वरच्याचे डोळे. जो आत असताना ‘बाहेर’ म्हणतो, त्याच्याबरोबर पुन्हा कुणी करवत धरत नाही. पाय गेला तर माणूस बसून काम करतो गं. शब्द गेला की कुणी बसूही देत नाही.

हो, तेच झालं त्याचं. माहीत आहे मला. पाय बरा झाल्यावर तो वखारीत आला होता — निदान करवतींना धार लावायला ठेवा म्हणाला. कुणी ठेवला नाही. बाप तर त्याच्याकडे बघायचाही नाही. मग गेला गाव सोडून, कुठल्याशा गोदामावर राखण करायला. मी काय करणार होतो? मी अडवायला हवं होतं? मी— ते जाऊ दे.

त्या दिवशीचं विचारतेस ना? सांगतो, म्हणजे तुझंही समाधान होईल. सकाळीच बाप आला होता. आम्ही कापलेल्या फळ्या हाताने चाचपून बघितल्या आणि म्हणाला, ‘उद्यापासून धाकट्याला वर चढव. त्याची नजर तुझ्यापेक्षा सरळ आहे.’ चार कापे उभे होते. चार जणांसमोर, मला! आठ वर्षं वर उभा होतो मी. आणि हा खालून काही बोलला नाही, एरवी गप्प बसेल तर शपथ — त्या दिवशी गप्प. ते जास्त लागलं. मग कापायला लागलो. मी जोरात ओढत होतो, तो म्हणाला, दादा दमाने. मी ऐकलं नाही. घोडीपाशी आलो, उतरलो, घण मारला. ओंडका घसरला. लोकांनी उचलला तेव्हा मीच त्याला ओढून काढलं, माझ्या या हातांनी. शुद्ध नव्हती. श्वास घेता येईना म्हणून तोंडावरचं फडकं मीच सोडलं, दोन गाठींचं, भुसा जाऊ नये म्हणून खालचा माणूस बांधतो ना, घट्ट — त्यातून बोलणं दबकं येतं, म्हणून बाहेर आल्यावर ते खाली ओढतो आणि मगच हाक—

अशी काय बघतेस?

बघू नकोस. फडकं सुटं झालं असेल, पुन्हा बसलं असेल— नाही. गाठ ओली होती, नखाने सोडवली मी. बाप धावत आला, त्याने एकच विचारलं, हाक दिली होती का याने? मी म्हटलं, दिली होती. झालं. एक शब्द. शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवेना. मला म्हणाला, ‘दादा, तू म्हणतोस म्हणजे दिलीच असणार.’

बस खाली. बस म्हणतो ना! रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, माझ्यासमोर नको. मी रडलो का? इतक्या वर्षांत एकदा तरी?

गाडी थांबवलीयस ना खाली? मग जा. त्याला सांग, हाक दिली नव्हती. तू काही चुकला नव्हतास, एवढंच सांग, पुढे काही जोडू नकोस. माझ्या नावाने सांग. सगळ्यांसमोर सांगितलंस तरी चालेल.

नाही, मी येणार नाही. हात सोड. चालवतं मला, त्याचा प्रश्न नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो तर तो काय म्हणेल, ठाऊक आहे मला. म्हणेल, असू दे दादा. एवढंच म्हणेल तो. शिव्या घालणारा असता तर आत्ता, याच पावली आलो असतो.

जा आता. दार लावून घे.