शेवटचं प्रमाण

अध्यक्ष महोदय, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, वादक मंडळी, कोरसमधल्या माझ्या मैत्रिणी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभे असलेले सगळे,

मला एक जुनी दुपार आठवते. स्टुडिओत जेवणाची सुट्टी होती. वहिनी खिडकीशी चहा ढवळत होत्या. आतून भाऊ ओरडले, "हळू!" वहिनी म्हणाल्या, "चहा हळू ढवळू, की श्वासही हळू घेऊ?" त्या दिवसापासून आमचे ध्वनिमुद्रक हळूभाऊ झाले. आज ते निवृत्त होत आहेत. वहिनी गेल्या वर्षी गेल्या.

भाऊंचं काम काय, हे बाहेरच्यांना सांगणं अवघड. एका गाण्यात पंचवीस-तीस आवाज वेगवेगळे नोंदलेले असतात. भाऊ आधी त्यांचे गट करत. वाद्यांचा एक, तालाचा एक, कोरसचा एक. प्रत्येक गट नीट जुळवून वेगळा रेकॉर्ड करायचा. याला सबमिक्स म्हणतात. मग या गटांचं एकमेकांशी प्रमाण ठरवायचं, की झालं गाणं. संगणक हा सबमिक्स क्षणात काढून देतो. पण भाऊ गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत आणि ऐकत ऐकतच रेकॉर्ड करत. कुणी घाई केली तर म्हणत, "न चाखता वाढू का?"

वहिनी आमच्याबरोबर कोरसमध्ये गायच्या. त्यांनी गायलेलं शेवटचं गाणं जुळवायचं राहिलं होतं. ते पुरं करूनच खुर्ची सोडायची, असं भाऊंनी ठरवलं. कितीतरी दिवस ते बसले. आणि प्रत्येक वेळी वहिनींचा आवाज वर येत गेला. बाकी आम्ही सगळ्या जणू शेजारच्या खोलीत.

लेक त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. ती म्हणाली, "बाबा, आई फार पुढे येतेय."

"पुढेच असायची ती. घरात कधी मागे होती का?"

तिने मला बोलावलं. मी ऐकलं आणि म्हटलं, "भाऊ, कोरसमध्ये कुणाचा आवाज वेगळा निघाला, की वहिनी शेजारणीला चिमटा काढायच्या. माझ्या दंडाला विचारा. आज त्यांनाच चिमटा कोण काढणार?"

भाऊंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "खाली घेतली की मला ती ऐकूच येत नाही गं. वरच्या पट्टीतलं सगळं गेलंय माझं. डॉक्टर बोलले होते. मी घरी कुणाला सांगितलं नाही."

ज्या माणसाच्या कानावर आपण सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्याला हे बोलताना काय वाटलं असेल?

त्यानंतर भाऊंनी शेवटचे सबमिक्स रेकॉर्ड केले. वाद्यं, ताल, कोरस. वहिनींचा आवाज कोरसमध्ये न मिसळता वेगळा ठेवला. मग खुर्चीतून उठले आणि लेकीला म्हणाले, "बस. शेवटचं प्रमाण तू ठरव." तिने आईचा आवाज हलकेच खाली आणून आमच्या रांगेत उभा केला. भाऊंनी पूर्ण गाणं ऐकलं. डोळे मिटून, मान खाली घालून.

"आहे ना ती यात?"

"आहे, बाबा."

"मग झालं."

भाऊ, तुम्ही आम्हाला एकत्र गायला शिकवलंत, असं मी म्हणणार नाही. ते वहिनींनी शिकवलं. तुम्ही आम्हाला एकत्र ऐकलंत. आमच्या खोकल्यासकट, भांडणांसकट. त्याचे आभार कसे मानायचे, मला ठाऊक नाही.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, मी आभारी आहे. भावनेच्या भरात मानपानात काही उणं राहिलं असेल, तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं.

जाता जाता, भाऊंनी सांगितलेलं वाटप. वाद्यांचा आणि तालाचा सबमिक्स वादकांना द्यावा. नव्या मुलांना त्यावर सराव करता येईल. कोरसचा आम्हा बायकांना. वहिनींचा एकटा आवाज लेकीकडे राहू दे. "माझ्याकडे नको," भाऊ म्हणाले, "मी पुन्हा वाढवीन." त्यांना पूर्ण गाणं द्या.