आबांच्या इंजिनाची बॉडी

(धुळे, १९९२ चा हिवाळा. सुकदेवच्या घराचा ओटा. दुपार.)

रुपचंद : ...पण मोटर शाबूत आहे, सुकदेवभाऊ. कालच बॅटरी लावून पाहिली. वरची बॉडी तेवढी फुटलीय. हे बघा, मधोमध.

सुकदेव : दिसतंय. नवी घे मुंबईहून.

रुपचंद : या खेळण्यातल्या इंजिनाच्या बॉड्या मुंबईत मिळत असत्या, तर तुम्ही इतकी वर्षं तेलाचे डबे कापत कशाला बसला असता? बाहेरून मागवायची म्हटली तर अख्खी गाडी परवडली. आणि मला ही डिझेलची नकोच आहे. वाफेच्या इंजिनाची हवी. आमचे आबा चालवायचे तसली, चाळीसगाव पॅसेंजरची.

सुकदेव : आबांनी मागितली?

रुपचंद : आबा काय मागतात आता! घशातून आवाज निघतो तो कसाबसा. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. म्हणजे काय ते तुम्ही समजा. जळगावला माझ्याकडंच आहेत. नजरही गेल्यातच जमा. परवा पडल्या पडल्या हात असा पुढं-मागं करत होते. बायको विचारते, आबा, पाणी हवं का? मी ओळखलं. इंजिनाला वाफ द्यायचा दांडा, रेग्युलेटर ओढत होते.

तानुबाई : चहा घ्या, भाऊ. अन् बसा ना, उभा काबर?

सुकदेव : तानू, तूच सांग त्याला. मला सांगवत नाही.

तानुबाई : काय सांगू? तेस्ले माहीत नही का? दिवाळीले कापूसना जिनमा यास्ना हात गया, चार बोटं गयात. बठ्ठा गावले माहीत शे.

रुपचंद : मला माहीत आहे, वहिनी. दवाखान्यात येऊन गेलो होतो ना मी. आबांना मात्र सांगितलं नाही.

सुकदेव : सांगूही नको.

रुपचंद : रोज विचारतात, सुकदेव का येत नाही म्हणून.

सुकदेव : तू काय म्हणतोस?

रुपचंद : म्हणतो, कापसाचा हंगाम आहे, जिनातून सुटी मिळत नाही.

सुकदेव : तेच सांगत राहा. माझा बाप गेला तेव्हा आबांनीच मला हाताला धरून जिनात नेलं होतं. मॅनेजरला म्हणाले, शेजारचं पोरगं आहे, हात चांगला आहे याचा. त्या माणसापुढं आता हा हात घेऊन उभा राहू?

रुपचंद : उभं राहू नका. बॉडी तेवढी करून द्या.

सुकदेव : कशी करू? आणि तुझं जमणारही नाही ते. सांगाडा डिझेलचा आहे, बारकी चाकं. त्यावर वाफेचं इंजिन ठेवलंस तर म्हशीला शेळीचे पाय लावल्यासारखं दिसेल.

रुपचंद : मग?

सुकदेव : मग मोटर इंजिनात ठेवायचीच नाही. मागच्या कोळशाच्या डब्यात घालायची, टेंडरमध्ये. टेंडरची चाकं बारकीच असतात. पुढं नुसतं पोकळ इंजिन. तुझ्याकडं ती मोडकी जपानी गाडी पडलीय ना, तिची मोठी चाकं लावायची. मागून टेंडर ढकलणार, आणि बघणाऱ्याला वाटणार इंजिनच ओढतंय.

रुपचंद : म्हणजे होईल!

सुकदेव : होईल. कोणीही करील. मी नाही.

तानुबाई : मी करसू.

सुकदेव : तू?

तानुबाई : तुम्ही सांगा, मी कापसू. बठ्ठी गल्लीना पोलका मीच शिवस ना? कापड काय अन् पत्रा काय.

सुकदेव : कापड चुकलं तर उसवता येतं, तानू. पत्रा चुकला की चुकला.

तानुबाई : मंग दुसरा डबा लेसूत. घरमा काय डबास्ना दुष्काळ शे?

रुपचंद : भाऊ, वहिनी म्हणताहेत तर...

सुकदेव : ठेव ते इथं. पण एक ऐक. आबांच्या हातात देताना म्हणायचं, सुकदेवनं केलंय. दुसरं काही बोलायचं नाही.

*

सुकदेव : हळू. कातर उभी धर. रेघेच्या बाहेरून घे, आतून नको.

तानुबाई : बाहेरूनच कापी राहिनू. तुम्ही मना उजेड नका अडवू.

सुकदेव : बरं. आता बॉयलर. पत्रा गोल वळवायचा. मी जिनातून लोखंडी नळी आणायचो त्यासाठी. आता कोण देणार?

तानुबाई : लाटणं चाली का?

सुकदेव : लाटणं? ...आण. बारीक आहे ते आण. हं, आता त्याच्यावर दाब. पोळीसारखं नाही गं, एकाच बाजूनं दाबत जा.

तानुबाई : आशे?

सुकदेव : असं. वा! नाही, थांब. थोडं वाकडं गेलं.

तानुबाई : कठे? माले तर सरळ दिसस.

सुकदेव : असू दे. चिमणीला पेनाचं टोपण लाव. खाली डाग दे. सोल्डरची कांडी जवळ धर, तिचं टोक... अगं!

तानुबाई : काही नही.

सुकदेव : भाजलं ना? दाखव.

तानुबाई : काही नही म्हणस ना.

सुकदेव : दाखव म्हणतो, तानू! इकडं आण बोट.

तानुबाई : आरडू नका. एवढंसं तर शे. फुंकर मारा, व्हई जाई बरं.

सुकदेव : ...जळतंय का अजून?

तानुबाई : नही. एक सांगू? जळगावले आपण दोन्ही जाऊत. तुम्ही सोता द्या आबास्ले. हात खिसामा ठेवा.

सुकदेव : नाही.

तानुबाई : काबर पण? तेस्ले तर दिसत नही.

सुकदेव : म्हणूनच. मी गेलो की आबा आधी माझा हात हातात घेतात. बोलणं नंतर. ज्याला दिसत नाही तो आणखी काय करील? हातच शोधील.

तानुबाई : बोटंच गयात ना? तुम्ही तर शेतस.

सुकदेव : केबिनचं छप्पर बसव.

तानुबाई : बसाडं. हाई कड वर दिसस, तिले काय करू?

सुकदेव : ती दुमडावी लागते. तुला नाही जमायचं, अवघड आहे. राहू दे तशीच. आता रुळावर ठेव आणि बटण दाब.

तानुबाई : चालनी! अय, चालनी ना!

सुकदेव : डावीकडं कलतेय.

तानुबाई : कलू द्या. चालनी तर.

*

तानुबाई : अहो, बाहेर या. रुपचंदभाऊ येल शेतस.

सुकदेव : ये रे, ये. या वेळी बरीच वाट पाहायला लावलीस. आवडलं का आबांना? आणि ओट्यावर आलास तरी टोपी का... रुपचंद. टोपी काढ.

रुपचंद : भाऊ...

सुकदेव : काढ म्हणतो ना.

तानुबाई : अय माय! डोकं... कधी व्हयनं, भाऊ?

रुपचंद : इंजिन घेऊन गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पहाटे. काल दहावं झालं. पत्र टाकायला घेतलं होतं, पण लिहवेना. म्हटलं, आपणच जाऊन सांगावं.

सुकदेव : त्रास झाला?

रुपचंद : शेवटी नाही.

सुकदेव : इंजिन हातात दिलंस ना?

रुपचंद : दिलं. छातीवर ठेवलं, म्हटलं, आबा, तुमचं इंजिन आलंय. दोन्ही हातांनी चाचपत होते. चिमणी सापडली, बॉयलरवरचा घुमट सापडला, तेव्हा हसले. फार दिवसांनी हसले हो. मग बोट केबिनवर गेलं. छपराच्या कडेशी थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबलं. विचारलं, कोणी केलं? मी म्हटलं, सुकदेवभाऊंनी. तर मान हलवली. म्हणाले, सुकदेव कड आत दुमडतो. पोरांच्या बोटाला लागू नये म्हणून. ही दुमडलेली नाही.

तानुबाई : मीच चुकनू. माले जमनं नही ते.

सुकदेव : तू नाही गं. मीच म्हटलं, राहू दे.

रुपचंद : मग तेच धरून बसले. सुकदेवला काय झालं? धड आवाज निघत नव्हता, तरी तेच. सुकदेवला काय झालं? मला खोटं बोलवेना, भाऊ. सांगितलं.

सुकदेव : सगळं?

रुपचंद : सगळं.

सुकदेव : काय म्हणाले?

रुपचंद : भिंतीकडं तोंड करून पडले. एवढं दुखणं काढलं त्यांनी, मी कधी डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी उशी भिजली. मग म्हणाले, मीच नेलं होतं त्याला तिथं.

सुकदेव : म्हणूनच सांगू नको म्हटलं होतं ना रे तुला! याच्यासाठीच!

रुपचंद : रागवा माझ्यावर. पण पुढचं ऐका. थोड्या वेळानं म्हणाले, जा, घेऊन ये त्याला. मला तो हात बघायचाय. मी म्हटलं, आबा, तुम्हाला कुठं दिसतंय? तर म्हणाले, हातात घेऊन बघीन. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघणार होतो मी. चप्पल घालत होतो, तेवढ्यात बायकोनं आतून हाक मारली.

तानुबाई : बसा, भाऊ. पाणी घ्या. तुम्ही बी बसा हो, खाले बसा.

सुकदेव : एका एसटीचा रस्ता, तानू. नुसता एका एसटीचा.

तानुबाई : आते नका बोलू ते.

रुपचंद : या पिशवीत इंजिन आहे. घरात डोळ्यांपुढं ठेववेना. म्हटलं, तुमच्याकडं असावं.

सुकदेव : चालली का रे?

रुपचंद : काय?

सुकदेव : गाडी. आबांनी तिचा आवाज तरी ऐकला ना?

रुपचंद : नाही, भाऊ. त्यांच्या खाटेजवळ रूळ मांडले होते मी. वायर जोडायला गेलो तर माझा हात धरला.

सुकदेव : का?

रुपचंद : म्हणाले, आज नको. सुकदेव आल्यावर लावू.