कोपरा फाटलेले पाकीट

पुरवणी जबाब
दिनांक २२ मे १९७८, सकाळी ११.२० वाजता

मी, कु. प्रेमलता विश्वनाथ लांजेवार, वय २७ वर्षे, शिक्षण बी.एस्सी. (रसायनशास्त्र), व्यवसाय नोकरी, कोराडी येथील वीज केंद्रात बॉयलरच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट, राहणार नंदनवन, नागपूर, आज ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर आई जिजाबाई हिच्यासह राहते. वडील हयात नाहीत. धाकटी बहीण सुमती हिचे लग्न ३० एप्रिल रोजी झाले व ती आता सासरी आहे.

दिनांक ११ मे रोजी मी याच ठाण्यात तक्रार दिली होती, ती अशी. मी सप्टेंबर १९७५ मध्ये कॅनडात कुशल कामगार म्हणून कायम वास्तव्य मिळावे यासाठी कॅनडाच्या दिल्ली येथील कार्यालयाकडे अर्ज केला. नोव्हेंबर १९७५ मध्ये पोच मिळाली. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी गुणपत्रिका पुन्हा, विद्यापीठाकडून सीलबंद मागवली, ती मी पाठवली. त्यानंतर मी सात पत्रे लिहिली. पाच पत्रांना छापील उत्तर आले की प्रकरण विचाराधीन आहे, दोन पत्रांना उत्तर आले नाही. १० मे रोजी त्यांचे पत्र मिळाले. त्यात लिहिले होते की ३ मे रोजी दिल्लीत मुलाखतीस बोलावले असता मी गैरहजर राहिले, म्हणून प्रकरण बंद केले आहे. बोलावण्याचे पत्र मिळालेच नाही, असा पोलिसांचा किंवा टपाल खात्याचा दाखला ३१ मेपर्यंत पोचल्यास प्रकरण पुन्हा उघडण्यात येईल.

बोलावण्याचे पत्र मला मिळाले नव्हते. मी त्याच संध्याकाळी आईला विचारले, "माझं काही टपाल आलं होतं का?" आई म्हणाली, "तुयं? नाही आलं वं." म्हणून मी आमच्या भागाचे पोस्टमन चंद्रभान नारनवरे यांनी पत्र दिले नाही, अशी तक्रार येथे व टपाल खात्याकडे दिली. पत्र घरी दिल्याचे त्यांनी चौकशीत सांगितले. माझ्या लेखी तक्रारीमुळे त्यांना १५ मेपासून कामावरून दूर ठेवले आहे.

ही तक्रार चुकीची होती. खरी हकीकत खालीलप्रमाणे.

दिनांक १८ मे रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास मी स्टाफ बसने घरी आले. सुमती माहेरपणाला आली होती, ती आदल्या दिवशी परत गेली होती. मी चप्पल काढत असताना आईने मला मागच्या अंगणात बोलावले. न्हाणीघराच्या भिंतीशी कवेलूंचा, म्हणजे छपरावरच्या कौलांचा, ढीग आहे. त्यातल्या दोन कवेलूंच्या मधून तिने एक लांब पाकीट काढले. स्वतः हातात धरले नाही. लुगड्याच्या पदरात धरून माझ्यापुढे केले.

आई म्हणाली, "वाच आता. मांडव उतरला, पोरगी आपल्या घरी गेली. आता जे असन ते असन. पन इथंच वाच, घरात नको नेऊ."

पाकिटाचा वरचा डावा कोपरा गेलेला होता. आमच्याकडे मयताची बातमी कळवताना चिठ्ठीचा कोपरा फाडतात. अशी चिठ्ठी घरात घेत नाहीत. बाहेर वाचतात व फाडून टाकतात. आईला अक्षरओळख नाही. तिचे थोरले भाऊ रुपराव, राहणार पारशिवनी, यांना मार्च महिन्यात अर्धांगाचा झटका आला होता. कोपरा पाहून तिने रुपरावमामा वारल्याचे धरले.

मी विचारले, "कोणाला दाखवलं काहून नाही?"

आई म्हणाली, "दाखवलं असतं तं वाचलं असतं. वाचलं असतं तं सुतक आलं असतं. लग्नाले अठरा दिस रायले होते. ते मुलाकडचे आधीच कुरकुरून राहिले होते, पोरीचा मामाच मेला म्हनलं तं अडूनच बसले असते. वाचलं नाही तोवर सुतक नाही."

लग्नाला मामांचा मुलगा आला होता. वडील बरे आहेत असे त्याने सर्वांना सांगितले. याबद्दल विचारले असता आई म्हणाली, "तो बी लपवून राहिला असं मले वाटलं. लग्नघरी कोन सांगते?"

मी पाकीट उघडले. आत दिल्लीच्या कार्यालयाचे ६ एप्रिलचे पत्र होते. ३ मे रोजी सकाळी दहा वाजता मुलाखतीस यावे, असा मजकूर होता. पाकिटाच्या मागे नागपूरचा शिक्का १२ एप्रिलचा आहे. फाटलेला भाग सुमारे दोन सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण आहे. कडा सरळ कापलेली नाही, तंतू निघालेले आहेत. टपालाचे गठ्ठे सुतळीने बांधतात. घट्ट बांधल्याने कोपरा तुटला असावा, असे माझे मत आहे. कोणी मुद्दाम फाडल्याची खूण दिसत नाही.

आईने विचारले, "कवा गेला?"

मी म्हणाले, "मामांचं नाही हे. ऑफिसचा कागद आहे."

आई न्हाणीच्या दगडावर बसली व बराच वेळ रडली. मी थांबवले नाही. नंतर ती म्हणाली, "पाय बाप्पा. सवा महिना मी त्याच्या नावानं मनातल्या मनात रडून राहिली, अन् तो तिकडं खाटेवर बसून चिवडा खाऊन राहिला असन." थोड्या वेळाने तिने विचारले, "कामाचा व्हता का वं कागद?" मी नाही म्हणाले.

१९ मे रोजी आई पहिल्या एस.टी.ने मामांना पाहण्यासाठी पारशिवनीला गेली. त्या दिवशी मी रजेवर होते. दुपारी बाराच्या सुमारास चंद्रभान नारनवरे घरी आले. अंगावर साधे कपडे होते. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

ते म्हणाले, "बाई, तेवीस वर्सं झाली हे बॅग उचलून. तुमच्या आईसमोर धरला मी लिफाफा. हातात नाही घेतला त्यायनं, ओट्यावर ठेव म्हनल्या. मी ठेवला. त्यायले विचारा न."

मी म्हणाले, "आई गावाला गेली आहे. चौकशी होईल."

ते म्हणाले, "तुमी पान्याची परीक्षा करता म्हनते. माही बी करून पाहा एकडाव. गाळ निघाला तं सांगजा."

त्यांनी पाणी मागितले नाही, मीही विचारले नाही. ते गेले. त्या वेळी सदर पाकीट माझ्या पर्समध्ये होते व पर्स टेबलावर, त्यांच्यापासून चार फुटांवर होती. मी पाकीट त्यांना दाखवले नाही.

पाकीट १८ तारखेला मिळाले असता आज २२ तारखेला का आलात, असे मला विचारण्यात आले. या मधल्या दिवसांत मी आजारी नव्हते. रविवार सोडता ठाणे व टपाल कार्यालय चालू होते. मी २० तारखेला ठाण्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेले. याहून जास्त सांगण्यासारखे नाही.

या जबाबामुळे माझे नुकसान होते काय, असेही विचारण्यात आले. होते. पत्र वेळेत घरी पोचले होते, त्यामुळे मला दाखला मागता येत नाही. नवा अर्ज करता येतो, परंतु शिक्षण, व्यवसाय वगैरे पाहून ते अर्जदाराला जे गुण देतात, त्यांत माझ्या व्यवसायाचे गुण यंदा कमी झाले आहेत. एकूण गुण पुरत नाहीत. बेरीज मी दोनदा केली. कागद येईपर्यंत थांबा, असे गेल्या अडीच वर्षांत मी दोन स्थळांना कळवले होते. त्यांची लग्ने झाली. हे कोणाविरुद्ध सांगत नाही, विचारले म्हणून सांगितले.

चंद्रभान नारनवरे यांनी आपले काम केले आहे. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. या जबाबाची प्रत टपाल खात्याकडे आजच पाठवावी. पाकीट व पत्र पुराव्यासाठी जमा करत आहे. मला प्रत नको.

आईचा जबाब घेणे जरूर असल्यास मी तिला घेऊन येईन. ते पाकीट मामांच्या घरचे नव्हते, एवढेच तिला माहीत आहे. माझ्या अर्जाची तिला कल्पना आहे. पारशिवनीहून परत आल्यावर जेवायला वाढताना तिने विचारले, "तुया त्या कागदाचं काय झालं वं? लय दिस झाले." मी चालू आहे असे सांगितले. तिला पत्र कधी दिले, कोणी दिले, एवढेच विचारावे. पत्रात काय होते ते तिच्यासमोर काढू नये, ही विनंती.

जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी मला तो सावकाश वाचून दाखवला. शेवटची विनंती जबाबात बसत नाही, ती खोडू का, असे त्यांनी विचारले. मी राहू द्या म्हणाले. बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे व तो खरा आहे.

समक्ष सही,
प्रेमलता वि. लांजेवार